सगळ्यांनी मिळून अडकण्याबद्दल

इंटरनेटच्या अतिवापराला आजार म्हणण्याची सुरुवात एका थट्टेतून झाली. १९९५ साली न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाची टर उडवायची म्हणून एक नवा विकार रचला, त्याची लक्षणे त्या ग्रंथाच्याच गंभीर थाटात लिहून काढली आणि सहव्यावसायिकांपुढे ठेवली. गंमत अशी की वाचणाऱ्यांपैकी काहींना ती लक्षणे आपल्याला चपखल लागू पडतात असे वाटले. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हाच विषय पूर्ण गांभीर्याने मांडला आणि नंतर त्यासाठी वीस प्रश्नांची एक चाचणी तयार केली. आपल्याकडच्या वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयांत या विषयावर जी छोटी सर्वेक्षणे होतात, त्यांतली पुष्कळशी याच चाचणीच्या आधाराने होतात. चाचणी मोडेमच्या काळातली आहे. हातातले काम ठेवून तुम्ही आधी ई-मेल पाहता का, असा एक प्रश्न तीत आहे. जोडीदाराच्या सहवासापेक्षा इंटरनेटची मौज अधिक वाटते का, असाही एक आहे. दिवसभर इन्स्टाग्रामवर असणाऱ्या आणि ई-मेल फक्त प्रवेशाच्या अर्जापुरता उघडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने यावर काय उत्तर द्यावे? तरी उत्तरे येतात, गुणांची बेरीज होते आणि अमुक टक्के विद्यार्थी व्यसनाधीन असल्याची बातमी छापून येते.

निदानग्रंथांनी स्वतः मात्र हात आखडता घेतला आहे. २०१३ च्या डीएसएम-५ ने इंटरनेटवरच्या गेमिंगचा विकार 'अजून अभ्यास हवा' अशा विभागात ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत गेमिंगच्या विकाराला जागा मिळाली, पण सरसकट इंटरनेटच्या वापराला मिळाली नाही. आणि गेमिंगच्या बाबतीतही साधारण वर्षभर वागणे हाताबाहेर गेलेले असावे, शिक्षण, घर, नाती यांची उघड हानी झालेली असावी, अशा अटी आहेत. असे विद्यार्थी आहेत, यात शंका नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून 'शट' नावाचा दवाखाना खास याच तक्रारींसाठी चालतो, आणि तिथे पोचणाऱ्या कुटुंबांना 'जरा मन आवर' हा सल्ला देणे म्हणजे मोडलेल्या पायावर चालायला सांगणे आहे. पण वर्गातल्या साठ मुलांपैकी अशी किती असतील? उरलेल्यांचे काय, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की उरलेल्यांचा प्रश्न दवाखान्याचाही नाही आणि मनोनिग्रहाचाही नाही. ती मुले एकेकटी वाहवत गेलेली नाहीत, सगळी मिळून अडकलेली आहेत. सोडवायचे तर सगळ्यांना मिळूनच सोडवावे लागेल, आणि तसे करण्याची सोय जिच्या हाती आहे ती जागा म्हणजे महाविद्यालय.

हे म्हणण्याआधी पुराव्याचा हिशेब द्यायला हवा, कारण या विषयात पुरावा दोन्ही बाजूंनी वाकवला जातो. १९९८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रॉबर्ट क्राउट यांनी पिट्सबर्गमधल्या ७३ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी पहिल्यांदाच इंटरनेट आलेल्या या माणसांपैकी ज्यांनी ते जास्त वापरले, त्यांच्यात एकटेपणा आणि नैराश्य थोडे वाढलेले दिसले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २००२ मध्ये त्याच संशोधकांनी त्याच माणसांकडे पुन्हा पाहिले, तेव्हा ते परिणाम बहुतांशी विरून गेले होते. याचा गाजावाजा अर्थातच झाला नाही. पुढे २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. त्यांना आढळले की मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. नियमित बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला, आणि चष्मा लावण्याचा त्याहून जास्त.

बटाट्याचा हा दाखला पालकसभेत सांगितला तर हशा पिकेल आणि सभा तिथेच संपेल. मला ती संपू द्यायची नाही. सरासरी एवढी सपाट का येते, याची दोन साधी कारणे आहेत. पहिले, या अभ्यासांत बहुतेक वेळा मुलांनाच विचारलेले असते की तुम्ही दिवसाला किती तास ऑनलाइन असता. आणि फोनच्या आतल्या नोंदींशी ताडून पाहिले की हे अंदाज सर्रास चुकलेले निघतात. मोजपट्टीच सैल असेल तर कापड नेमके कसे मोजणार? दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. 'स्क्रीन टाइम' या एका आकड्यात सगळेच कोंबलेले असते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत बसलेल्या, परभणीहून किंवा यवतमाळहून आलेल्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. कॉट बेसिसवर राहायला, मेसचा डबा, आणि क्लासची फी परवडत नाही म्हणून राज्यशास्त्राचे व्याख्यान यूट्यूबवर. चालू घडामोडींची पीडीएफ टेलिग्रामच्या चॅनेलवर येते. प्रश्नपत्रिका तिथेच, उत्तरतालिकाही तिथेच, आयोगाची जाहिरात निघाली की नाही याच्या अफवाही तिथेच. पीडीएफ उघडायला म्हणून तो टेलिग्राम उघडतो, वर तीनशे न वाचलेले संदेश असतात, त्यात कुणाची तरी निवड झाल्याचा हारतुऱ्यांचा फोटो असतो, आणि पीडीएफ वीस मिनिटांनी उघडते. दिवसाचे आठ तास झाले. यातले अभ्यासाचे किती आणि बाकीचे किती, हे त्यालाही नीट सांगता येणार नाही. त्याच्या आठ तासांची आणि पहाटेपर्यंत रील्स पाहणाऱ्याच्या आठ तासांची बेरीज करून सरासरी काढली, तर ती बटाट्याएवढीच निघायची.

म्हणून तासांचा नाद सोडून वेगळ्या जातीचा पुरावा शोधावा लागतो. असा एक पुरावा थेट महाविद्यालयांतूनच मिळतो, आणि माझ्या मते या विषयातला तो सर्वांत भक्कम आहे. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहात सुरू झाले आणि पुढची दोन-अडीच वर्षे ते अमेरिकेतल्या एकेका महाविद्यालयात टप्प्याटप्प्याने पोचत गेले. सर्वांसाठी खुले झाले ते २००६ च्या सप्टेंबरात. म्हणजे एकाच सत्रात काही महाविद्यालयांत फेसबुक होते आणि काहींत नव्हते. त्याच काळात विद्यार्थ्यांच्या आरोग्याची एक मोठी पाहणी देशभर होत होती. लुका ब्राघिएरी, रोई लेव्ही आणि अलेक्सी मकारिन या अर्थतज्ज्ञांनी या दोन्हींची सांगड घातली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे फेसबुक आले, तिथे विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य ढासळले, विशेषतः नैराश्याच्या तक्रारी वाढल्या. नोकरी गेल्यावर माणसाच्या मनावर जो आघात होतो, त्याच्या सुमारे २२ टक्के एवढा हा परिणाम होता. एकाएकी कुणी कोसळले नाही. पण आख्खे विद्यापीठ एक पायरी खाली सरकले. इथे 'दुःखी मुले आधीच जास्त इंटरनेट वापरतात' हा आक्षेपही लागू होत नाही, कारण फेसबुक कोणत्या महाविद्यालयात कधी पोचेल हे तिथल्या मुलांच्या मनःस्थितीवर अवलंबून नव्हते. आणि हे सगळे स्मार्टफोनच्या आधीचे, लाइकचे बटण येण्याच्याही आधीचे फेसबुक होते.

नुकसान कुणाचे जास्त झाले, हे पाहिले की यंत्रणा उलगडते. कॅम्पसबाहेर राहणारे, विद्यार्थ्यांच्या बड्या क्लबांत नसलेले, आर्थिक ओढाताणीत असलेले, म्हणजे इतरांशी तुलना केली तर स्वतःला उणे धरण्याची शक्यता ज्यांच्यात अधिक, त्यांना त्याचा फटका जास्त बसला. हे वाचताना आपल्याकडचा एसटीने ये-जा करणारा विद्यार्थी आठवल्याशिवाय राहत नाही. संध्याकाळच्या बसला जायचे म्हणून गॅदरिंगच्या तालमीला तो कधीच थांबत नाही; पूर्वी तिथे काय झाले हे त्याला कळतच नसे. आता तो बसमध्ये उभा असतानाच तालमीचे, नंतरच्या चहाचे, मग कुणाच्या तरी फ्लॅटवरच्या वाढदिवसाचे फोटो एकामागून एक येत राहतात. शेवटच्या वर्षाला यात लिंक्डइनची भर पडते. कॅम्पस प्लेसमेंट झालेल्यांची पॅकेजे सगळ्यांना दिसतात. न झालेल्यांचा समूह कुठेच दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटते की मागे राहिलो तो मी एकटाच.

झोपेबद्दलचा पुरावा तुलनेने सरळ आहे. नॉर्वेतल्या १८ ते २८ वयाच्या ४५,२०२ विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. अंथरुणावर पडल्यानंतर स्क्रीनवर घालवलेल्या प्रत्येक तासामागे निद्रानाशाच्या तक्रारीची शक्यता ५९ टक्क्यांनी जास्त आणि झोप सरासरी २४ मिनिटांनी कमी आढळली. तिथे समाजमाध्यमे पाहिली की सिनेमा पाहिला, याने विशेष फरक पडला नाही. याचा साधा अर्थ असा की स्क्रीनवर काय होते यापेक्षा ती वेळ झोपेतून कापली गेली, हे अधिक जड ठरते. ही एका वेळची पाहणी आहे. झोप येत नाही म्हणून फोन हाती घेणारेही तीत असणारच. तरी जागरणाने मन चिडचिडे आणि उदास होते, हे सांगायला पाहणी लागत नाही. चार कॉटच्या खोलीत एकाचा फोन रात्री दीडला लखलखत असला की जागरण चौघांच्या वाट्याला येते, हेही वसतिगृहाच्या कोणत्याही रेक्टरला ठाऊक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. एवढे जर मुलांना जाणवते, तर ती फोन बाजूला का ठेवत नाहीत? आपले नेहमीचे उत्तर तयार असते: मन कमकुवत, संस्कार कमी. अमेरिकेतल्या हजाराहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर लिओनार्दो बुर्श्टिन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या उत्तराला छेद देतो. चार आठवडे खाते बंद ठेवायचे काय घेशील, असे त्यांनी प्रत्येकाला विचारले. बाकीचे चालूच ठेवणार असतील तर टिकटॉकसाठी सरासरी ५९ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी ४७ डॉलर हवेत, असे उत्तर आले. मग विचारले, तुमच्या महाविद्यालयातले सगळेच बंद करणार असतील तर? तेव्हा आकडा उलटा फिरला. ते घडावे म्हणून मुले पदरचे पैसे द्यायला तयार झाली, टिकटॉकसाठी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर. म्हणजे ही वस्तू नसती तर बरे, असे मनातून वाटणारी माणसेच ती रोज वापरत आहेत, कारण एकट्याने सोडले तर आपण वगळले जाऊ ही भीती खरी आहे. ज्याची दारू सुटत नाही त्याला गावची दारू बंद व्हावी असे वाटू शकते. पण गावात दारू आहे म्हणून न पिणाऱ्याचे काही अडत नाही. इथे न वापरणाऱ्याचेही अडते. व्यसनाची तुलना नेमकी याच जागी तोकडी पडते.

आणि हे अडणे आपल्याकडे मित्रांपुरते राहिलेले नाही, महाविद्यालयांनीच ते पक्के केले आहे. सीईटी सेलच्या कॅप राउंडपासून महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत सगळे ऑनलाइन. ते सोयीचेही आहे. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप समूहाचे काय? परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत उद्या संपते, प्रॅक्टिकलची बॅच बदलली, सबमिशन सोमवारऐवजी शनिवारी, अशा सूचना रात्री साडेदहाला, अकराला पडतात. नोटीस बोर्डावर ती कागदाची चिठ्ठी लागते तिसऱ्या दिवशी, लागली तर. ज्या मुलाने रात्री नऊला फोन बंद केला, त्याची इंटर्नल बुडते. मग प्राचार्य दीक्षारंभाच्या भाषणात मोबाइलचे दुष्परिणाम सांगतात. त्या भाषणाची माहिती विद्यार्थ्यांना त्याच समूहावर मिळालेली असते.

या म्हणण्यावर जे आक्षेप येतील त्यांतला एक जुना आहे: कादंबरी, सिनेमा, दूरदर्शन, प्रत्येकावर पिढी बिघडवल्याचा आरोप झाला आणि प्रत्येक पिढी तरली. खरे आहे, आणि वर क्राउट यांच्या अभ्यासाचे जे झाले त्यावरून हा इशारा लक्षात ठेवण्याजोगाही आहे. फक्त एक फरक आहे. कादंबरी संपत असे. २००६ साली एझा रास्किन यांनी रचलेल्या तंत्रामुळे पान तळाला पोचतच नाही, खाली सरकवावे तसे नवे येत राहते. आणि थांबायची जागा काढून टाकण्याचा तो निर्णय वाचकाने घेतलेला नाही. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हा ज्या तालुक्यांत धड ग्रंथालय नव्हते तिथल्या मुलांच्या हाती पहिल्यांदा काहीतरी आले. शहरातल्या सुखवस्तू माणसांनी त्यांना 'डिजिटल उपवास' शिकवावा, यात एक उद्दामपणा आहे. मान्य. म्हणूनच तासांवर मर्यादा घालणारा कोणताही नियम मला चुकीचा वाटतो. परभणीच्या त्या मुलाचे यूट्यूब काढून घ्यायचे नाही. त्याला पीडीएफपर्यंत पोचायला तीनशे संदेशांतून जावे लागू नये, एवढेच पाहायचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांत महाराष्ट्रातले १,७६४, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. एवढ्या दुःखामागे परीक्षा, बेरोजगारी, जात, कर्ज, घरातले वातावरण असताना मोबाइलकडे बोट दाखवणे ही पळवाट नव्हे का? पुष्कळदा असतेच. या आकड्यांची जबाबदारी फोनवर टाकावी असा कोणताही पुरावा मी वर दिलेला नाही, आणि तसे कुणी करू लागले तर त्याला थांबवावे. रात्रभर जागणारे मूल अनेकदा कशापासून तरी पळत असते. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना असल्याचे आढळले होते. ज्याला बोलायला माणूस मिळत नाही, त्याचा फोन काढून घेतला तर त्याच्याकडे काहीच उरत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही सरकारी मदतही १४४१६ या क्रमांकावर, फोनवरच मिळते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट वेगळी. त्यांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली, आणि कर्जात बुडालेल्या मुलांची उदाहरणे पाहता ती आधीच यायला हवी होती.

मग काय करायचे? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक गोष्ट करून दाखवली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही, मोबाइल दीड तास बंद होतात; मुले पुस्तके घेऊन बसतात. शाळकरी मुलांच्या गावातला उपाय पदवीच्या मुलांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. अठरा वर्षांवरच्या नागरिकाचा फोन रेक्टरने जप्त करावा, हे मला मुळीच मान्य नाही, आणि मुलींच्या वसतिगृहांत अशा नियमांचा वापर कशासाठी होतो हे सर्वांना माहीत आहे. भोंग्यातली घेण्यासारखी बाब वेगळी आहे: कुणालाही एकट्याने वगळले जाण्याची भीती उरली नाही. महाविद्यालयाला हे सक्तीशिवाय साधता येते. संध्याकाळी सातनंतर एकही शैक्षणिक सूचना टाकायची नाही आणि टाकली तर ती दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच लागू धरायची, असा ठराव कोणत्याही महाविद्यालयाला उद्या करता येईल. त्याला एक रुपया लागत नाही. सूचनांचा समूह आणि गप्पांचा समूह वेगळे ठेवता येतात. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवून, आत पीडीएफ छापून देणारा एक प्रिंटर बसवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितले आहे. ती नेमणूक एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात अधिकचा कार्यभार अडकवून उरकू नये, एवढे तरी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनी पाहावे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांचा एक प्रयोग झाला. तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहा मिनिटांपुरते ठेवणाऱ्यांचा एकटेपणा आणि नैराश्य कमी झाले, आणि आधीपासून अधिक उदास असलेल्यांना फायदा जास्त झाला. तीन आठवड्यांच्या पुढे काय, हे त्यात नाही. मराठी मुलुखातल्या महाविद्यालयांसाठी तर तेवढेही नाही; आपल्याकडे आहेत त्या वीस प्रश्नांच्या बेरजा. त्याऐवजी फोनमधल्या नोंदी विद्यार्थ्याच्या संमतीने घ्याव्यात, त्यांत अभ्यासाचा वापर आणि बाकीचा वापर वेगळा करावा, झोपेची वेळ टिपावी, आणि तीच मुले पहिल्या वर्षापासून तिसऱ्यापर्यंत दर सत्रात पुन्हा पाहावीत. एका जिल्ह्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी रात्रीच्या सूचना बंद करण्याचा ठराव वेगवेगळ्या सत्रांत सुरू केला, तर फेसबुकच्या त्या टप्प्यांसारखी तुलनाही हाती येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकड्यांना हे काम जमण्यासारखे आहे. खर्च छपाईचा आणि संख्याशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या वेळेचा.